बांधावरचे पाच माड

(सांडोर. श्रावणातला रविवार, दुपार नुकतीच कललेली. दोन वाड्यांमधल्या बांधावर पाच कोवळे माड. शेवटच्या माडाच्या सावलीत, गोणपाटावर, चार वर्षांची मुलगी झोपली आहे.)

प्रेमला : …आणि हळू बोल. आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय.

हरिश्चंद्र : हळूच बोलतोय. पण बयो इथे बांधावर का झोपली?

प्रेमला : घरात निजायला तयार नाही. माझ्या माडांजवळ निजते म्हणते. पाय उचल, मुळावर उभा आहेस.

हरिश्चंद्र : हे मूळ नाही. केळीचं वाळलेलं सोपट आहे.

प्रेमला : तरी उचल.

हरिश्चंद्र : उचलला. प्रेमला, तू मला 'तू' म्हणायला लागलीस.

प्रेमला : मग काय म्हणू?

हरिश्चंद्र : लग्न झाल्यापासून 'अहो' म्हणायचीस.

प्रेमला : आणि त्याच्याआधी? चालता येत नव्हतं तेव्हापासून 'तू'च होतास. बांधापलीकडचा हऱ्या. पेरू चोरायला यायचा आणि पकडला की म्हणायचा, मी फक्त किती पिकलेत ते बघत होतो.

हरिश्चंद्र : खरंच बघत होतो.

प्रेमला : हो, दातांनी. ठाण्याच्या कोर्टात आपण दोघांनी सही केली ना, त्या दिवशी परत येताना एसटीत ठरवून टाकलं. 'अहो' लग्नाबरोबर आलं, लग्नाबरोबर जाईल.

हरिश्चंद्र : अजून निकाल लागलेला नाही. दिवाळीनंतरची तारीख आहे.

प्रेमला : जिभेला आतापासून सवय करतेय. हातात काय आहे ते?

हरिश्चंद्र : मोजपट्टी.

प्रेमला : वापीहून मोजपट्टी घेऊन आलास? मुलीला खाऊ नाही, मोजपट्टी?

हरिश्चंद्र : खाऊ पिशवीत आहे. मला बघायचंय की बांध किती रुंद आहे. बाबांनी चिरे सांगितलेत. आगाशीहून येणार आहेत.

प्रेमला : चिरे? कशाला?

हरिश्चंद्र : तुला कुणी सांगितलं नाही? निकाल लागला की बांधावर भिंत घालायची म्हणतात. पुरुषभर उंच. आमच्या विहिरीतून तुमच्या बाजूला येणारा पाट बंद.

प्रेमला : आणि माड?

हरिश्चंद्र : पाया खणायचा म्हणजे बांध मोकळा करावा लागणार.

प्रेमला : हरिश्चंद्र, माड?

हरिश्चंद्र : तेच सांगतोय. माड जातील.

प्रेमला : दयारामकाका असं बोलले? नातीच्या पाचवीला स्वतःच्या हातांनी नारळ रुजत घातला त्यांनी. खड्ड्यात मीठ टाकताना डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी बाळंतिणीच्या खोलीतून बघत होते.

हरिश्चंद्र : आता म्हणतात, मोजणी आणू. माड आमच्या हद्दीत निघाले तर आमचे. आम्ही ठेवू नाहीतर तोडू.

प्रेमला : आमच्याकडे निराळं नाही. बाबा म्हणतात, पाचांतले दोन नारळ माझे होते, माझे दोन माड मला परत द्या. मी विचारलं, परत घेऊन काय करणार? तर म्हणाले, ते नंतर बघू, पण त्यांना देणार नाही.

हरिश्चंद्र : तुझ्या बाबांचे दोन, माझ्या बाबांचे दोन आणि पाचवा शेजारच्या डॉमनिककाकांचा. कुठला कुणाचा, हे आता ओळखू येत नाही. मी तेव्हा शेंदराने खूण केली होती, ती पहिल्याच पावसाळ्यात धुऊन गेली.

प्रेमला : मला ओळखू येतं.

हरिश्चंद्र : कुठला?

प्रेमला : नाही सांगणार. कोर्टात विचारलं तरी नाही.

हरिश्चंद्र : कोर्टाला हे ठाऊकच नाही. वकिलाने विचारलं होतं, मुलीच्या नावाने काय आहे? मी म्हणालो, पोस्टात खातं आहे, थोडंसं. माडांचं सुचलंच नाही. आणि सुचलं असतं तरी काय सांगणार? बांध कुणाच्या नावावर नाही. माड त्याहून नाहीत.

प्रेमला : आपण हौसेने बांध निवडला. दोन्ही घरांच्या मधोमध. तुझीच कल्पना.

हरिश्चंद्र : तू हो म्हणालीस.

प्रेमला : हो तर. वाटलं, दोन्हीकडून पाणी मिळेल, दोन्हीकडून नजर राहील. पोरगी कॉलेजात जाईपर्यंत माड भरात येतील, दर महिना-दीड महिन्याला नारळ उतरतील, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही तिला. भांडण बांधावरूनच होतं, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. वाडीत जन्मलेली माणसं आपण.

हरिश्चंद्र : पोस्टातल्या खात्यात वाढवू आपण. मी दर महिन्याला पाठवीन.

प्रेमला : खात्यावर सही कुणाची?

हरिश्चंद्र : माझी. अज्ञान मुलाचा पालक बाप, असं कायदा धरतो.

प्रेमला : म्हणजे तू शहाणा आहेस तोवर ठीक.

हरिश्चंद्र : मी तिचे पैसे काढीन असं वाटतं तुला?

प्रेमला : आज नाही वाटत. पण उद्या तू दुसरं लग्न करशील. करशीलच, तुला स्वयंपाक येत नाही. तिकडे दोन मुलं होतील. एखादं आजारी पडेल, तू म्हणशील, बयोचे थोडे वापरू, मग भरू. वाईट माणूस म्हणून नाही करणार. बाप म्हणूनच करशील, दुसऱ्या कुणाचा तरी.

हरिश्चंद्र : लग्न तूही करू शकतेस.

प्रेमला : म्हणून तर म्हणतेय. माझ्याही हातात नको. तिचं जे आहे ते आपल्या दोघांपासून लांब हवं. माड तसे होते. माडातून उसने काढता येत नाहीत.

हरिश्चंद्र : ती हसली बघ. झोपेत.

प्रेमला : रोज हसते. मग विचारलं की सांगते, मी वर होते. माडाच्या वर. तिथून समुद्र दिसत होता.

हरिश्चंद्र : इथल्या माडावरून समुद्र दिसेल? खाडी दिसेल कदाचित. मोठा झाल्यावर, हवा स्वच्छ असेल तर…

प्रेमला : तिला दिसतो. तू गणित करत बसू नकोस.

डॉमनिक : कोण रे ते बांधावर? मला वाटलं मोजणीवाले आले.

प्रेमला : या डॉमनिककाका. हळू, बयो झोपलीय.

डॉमनिक : पोर झोपलीय आणि आईबाप कुजबुजतात. लांबून बघितलं तर वाटलं, नुकतं ठरलंय यांचं.

हरिश्चंद्र : काका, तुम्ही पण.

डॉमनिक : मी काय बोललो? आमच्यात तर ही सोयच नाय. फ्लोरा माझ्याशी दोन वर्सं बोलली नव्हती. जेवण वाढायची आणि वाडग्याशी बोलायची. 'वाडग्या, त्याला सांग मीठ कमी हाय.' पुढे एकदा वाडगा फुटला, तेव्हा बोलायला लागली.

प्रेमला : आमच्याकडे वाडगे पुष्कळ होते, काका. बोलायलाच काही नव्हतं. हा शनिवारी वापीहून यायचा, रविवारी पेपर वाचायचा, सोमवारी पहाटे जायचा. घरात दोघं असायचो आणि घर रिकाम्या हंड्यासारखं वाजायचं.

हरिश्चंद्र : पेपर वाचत नव्हतो. नुसता धरून बसायचो.

प्रेमला : ठाऊक आहे. पान उलटायचा नाहीस.

डॉमनिक : बरं, ते तुमचं तुम्ही बघा. भिंतीचं मला कळलं. चिऱ्यांचा गाडीवाला माझ्याकडेच रस्ता विचारत आला होता. पाचव्या माडाचं काय करणार? तो माझा नारळ होता, म्हणून विचारतो.

हरिश्चंद्र : काका, सकाळपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. माडाला सोटमूळ नसतं. खोडाच्या बुडातून दोरीसारखी मुळं फुटतात, सगळ्या बाजूंनी, आणि तुटली तर नवी फुटतात. आंबा या वयात उपटला तर मेलाच. माड मरत नाही. या वयाचा तर नाहीच, अजून खोडसुद्धा दिसत नाही याचं. मातीचा गोळा धरून उचलला तर हलवता येईल.

प्रेमला : हलवायचे? कुठे? तुमच्या अंगणात की आमच्या?

हरिश्चंद्र : तिथेच अडलंय.

डॉमनिक : माझ्या वाडीत तो आंबा कुणाचा हाय?

प्रेमला : होळी बाजारच्या द्वारकाबाईंचा.

डॉमनिक : माझ्या आज्याने त्यांच्या आज्याला लावायला दिला. जमीन माझी, झाड त्यांचं. दर वर्सी येतात, आंबे उतरवतात, एक टोपली माझ्या ओट्यावर ठेवतात. एका वर्सी मी दोन कैऱ्या तोडल्या तर द्वारकाबाई अख्ख्या बाजारात सांगत फिरली. बांधाच्या टोकाला माझा तुकडा मोकळा पडलाय. आणा तिकडे.

हरिश्चंद्र : तुमचा तो तुकडा? तिथे तर केळ होती.

डॉमनिक : होती. दोन उन्हाळे झाले, विहिरीला खारं पानी लागलं. तिकडे विरारला इमारती उठतात, चंदनसारपर्यंत, आणि टँकर भरतात ते आपल्याकडे. गोडं वर उपसलं, खालून खारं आलं. केळ उभ्या उभ्या करपली. काय नाय येत तिथे. म्हणून तर मोकळा हाय.

हरिश्चंद्र : मग माड तरी कसे…

प्रेमला : थांब. पाचवीला खड्ड्यात मीठ टाकलं होतं. आताच म्हणाले मी. प्रत्येक माडाला टाकतात. अर्नाळ्याला तर माड वाळूत उभे आहेत, भरतीचं पाणी बुडाशी येतं. त्यांना कुठे गोडं पाणी लागतं?

हरिश्चंद्र : खरंच की. थोडं खारं माडाला चालतं. पानातून क्षार… नाही, राहू दे. चालतं. काका, विहिरीचं पाणी मी चाखून बघू?

डॉमनिक : चाख. फ्लोरा चहा करते त्याचा, मी अजून जिवंत हाय.

प्रेमला : जिथे दुसरं काही येत नाही, तिथलं कुणाला हवं असणार? बाबा मागणार नाहीत, दयारामकाका मागणार नाहीत.

हरिश्चंद्र : आणि आपण?

प्रेमला : आपणही नाही. काका, तुम्ही आम्हा दोघांकडून कबूल करून घ्या. त्या माडांचा एकही नारळ आम्ही घरी आणायचा नाही. चटणीलासुद्धा नाही.

डॉमनिक : द्वारकाबाईसारखा बाजारात सांगत फिरेन, लक्षात ठेवा. पण मी म्हातारा माणूस. नारळ धरायला लागतील तेव्हा विकायचे कुणी, पैसे ठेवायचे कुठे? पुन्हा सही, पुन्हा भानगड.

हरिश्चंद्र : विकायचेच नाहीत. निदान सुरुवातीची वर्षं. पहिले नारळ उतरले की तेच रुजत घालायचे. तुकडा भरेपर्यंत. बँक काय करते? व्याज मुदलात मिळवते. इथे व्याज आपोआप जमिनीत जाईल.

प्रेमला : म्हणजे बाग.

हरिश्चंद्र : बागच. ओळी घातल्या तर टोकापासून टोकापर्यंत सावली पडेल.

प्रेमला : आणि बयो कॉलेजातून येईल. सायकलवर. बुचड्यात अबोलीची वेणी.

हरिश्चंद्र : आतल्या पायवाटेने येईल. दुपारी तिथे हिरवा उजेड असेल, विहिरीत वाकून बघितल्यावर असतो ना, तसा. झावळ्यांच्या सावल्या तिच्या पाठीवरून सरकत जातील.

प्रेमला : सायकल माडाला टेकवेल. कुठल्या, सांग?

हरिश्चंद्र : पहिल्या पाचांतल्या एका.

प्रेमला : मग खाली बसून पुस्तक उघडेल आणि वाचणार नाही. तुझ्यासारखं नुसतं धरून बसेल.

हरिश्चंद्र : वर बघेल. तुझ्यासारखं.

प्रेमला : आपण कुठे असू तेव्हा?

हरिश्चंद्र : या चित्रात? ठाऊक नाही. मला फक्त ती दिसतेय.

प्रेमला : मलाही.

डॉमनिक : मी पण हाय का चित्रात? नसलो तरी चालेल, पण विहिरीवर पंप ठेवा.

प्रेमला : तुम्ही ओट्यावर आहात, काका. वाडग्याशी बोलताय.

डॉमनिक : मग आजच करा. जमीन भिजून मऊ हाय, महिनाभर अजून पाऊस राहील, झाड धरेल. दिवाळीनंतर ओढाल तर मरेल. आमचा व्हिक्टर आणि त्याचे दोस्त चर्चच्या मैदानात बॉल बडवतात, त्यांना पहारी देतो. तुझे बाबा कुठे, बाय?

प्रेमला : होळी बाजारच्या देवळात. श्रावणातलं कीर्तन आहे. दयारामकाकाही तिथेच. एकाच सतरंजीवर, एकमेकांकडे पाठ करून.

डॉमनिक : संध्याकाळी येतील तेव्हा?

हरिश्चंद्र : ओरडतील. चोरून नाही करत आहोत, काका. मी दारातच उभा राहून सांगेन.

प्रेमला : दोघं एकाच वेळी ओरडतील. कितीतरी दिवसांनी एक गोष्ट बरोबर करतील. जा, काका, व्हिक्टरला बोलवा. त्या टोकाकडून सुरुवात करू. हिच्या उशाचा शेवटी.

*

डॉमनिक : अरे व्हिक्टर, बुडाला लागून नको खणू! हातभर सोड. हां. आता खालून गोणपाट सरकवा. हरिश्चंद्र, झावळ्या वर बांध, सुतळीने, नाहीतर डोळ्यात जातील.

प्रेमला : जमिनीवर केळीची सोपटं टाकलीत मी, इथपासून तुमच्या तुकड्यापर्यंत. ओली आहेत. त्यांच्यावरून घसरत जाईल.

हरिश्चंद्र : हे कुठे शिकलीस?

प्रेमला : लहानपणी याच्यावर बसून घसरत होतो आपण. तू आंघोळ चुकवायचास आणि चिखल माझ्या नावावर जायचा. ओढ आता.

डॉमनिक : थांबा, थांबा! आधी खूण. माझी चुन्याची डबी घे, बाय. झाडाच्या उगवतीच्या अंगाला बोटभर चुना लाव.

प्रेमला : कशासाठी?

डॉमनिक : ज्या अंगाला सकाळचं ऊन घेत होता, तेच अंग तिकडे उगवतीला ठेवायचं. जागा बदलली, ठीक हाय. तोंड फिरवलं तर झाड गोंधळतं. माझा बाप असंच करायचा.

हरिश्चंद्र : असेल. पुस्तकात वाचलं नाही कधी. पण ज्या बाजूची पानं उन्हाला सरावली, ती सावलीला टाकली तर त्रास होणारच. लाव चुना.

प्रेमला : लावला. ओढा.

डॉमनिक : हळू… पोरांनो, बाजूने धरा… कलतोय!

प्रेमला : अहो, धरा! धरा ना!

हरिश्चंद्र : धरला. धरला मी. गोळा फुटला नाही.



प्रेमला : काय बघता, काका? ओढा पुढे.

डॉमनिक : मी कुठे बघतो? मला डोळ्याला कमी दिसतं.

*

हरिश्चंद्र : चार झाले. व्हिक्टरची मंडळी?

प्रेमला : फ्लोराबाईंनी चहाला बोलावलं त्यांना. खाऱ्या पाण्याच्या. काकाही गेले. येतील इतक्यात.

हरिश्चंद्र : मला आठवड्याच्या मधे येता येणार नाही, म्हणजे… उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, ते ठरवायला हवं. रविवार माझे.

प्रेमला : बाकीचे दिवस माझे. मी तुला दिसायला हवी असं नाही. चिखल ओला दिसला की समज, येऊन गेले.

हरिश्चंद्र : तूही तसंच समज.

प्रेमला : एखादा रविवार चुकवलास तर?

हरिश्चंद्र : तर डॉमनिककाका बाजारात सांगतील.

प्रेमला : हसू नकोस. विचारतेय मी.

हरिश्चंद्र : नाही चुकवणार. पेपर धरून बसायला आता घरही नाही. इथेच येईन.

प्रेमला : बरं.

हरिश्चंद्र : बांध किती उघडा दिसतो ना. आता घाला म्हणावं भिंत. बयो उठल्यावर विचारेल, माझे माड कुठे गेले.

प्रेमला : म्हणून म्हणते, उठायच्या आधी हिला तिकडे नेऊ. डोळे उघडतील तेव्हा माड जवळ दिसले पाहिजेत.

हरिश्चंद्र : उचलून घेतली तर जागी होईल.

प्रेमला : गोणपाटासकट उचलू. तू ती दोन टोकं धर, मी ही धरते. माडासारखंच. हळू. डोकं सांभाळ.

हरिश्चंद्र : जड झालीय.

प्रेमला : दर रविवारी उचललीस तर कळणार नाही. सोपटावर पाय देऊ नकोस, घसरशील. इकडून ये.

हरिश्चंद्र : काहीतरी पुटपुटतेय.

प्रेमला : वर गेली असेल. बोलू नकोस. हां… इथे. चारांच्या मध्ये. थांब, ओलं आहे का बघते. नाही, कोरडं आहे.

हरिश्चंद्र : कुठल्या अंगाला डोकं करू?

प्रेमला : होतं त्याच अंगाला.